निर्गमातला पाचवा अध्याय कुणी नीट वाचलाय का? (मिसर, मोशे आणि बिनपेंढ्याच्या विटा)

सांजवात

मंडळी नमस्कार. सासऱ्यांच्या पुस्तकांची आवराआवर करताना एक जुनं मराठी बायबल सापडलं, पानं पिवळी, कोपरे वाळवीने खाल्लेले. आमच्या घरात ख्रिश्चन कोणी नाही, सासऱ्यांना वाचायचं व्यसन होतं एवढंच. सहज चाळायला घेतलं आणि त्यातल्या 'निर्गम' या पुस्तकात अडकले. मोशेची गोष्ट म्हणजे आपल्याला काय माहीत असतं तर टोपलीतलं बाळ, काठी, समुद्र दुभंगला, दहा आज्ञा, संपलं. पण मी अडकले ती पाचव्या अध्यायात आणि तिथे चमत्कार एकही नाहीये.

झालंय असं की इस्राएली लोक मिसरमध्ये (म्हणजे इजिप्तमध्ये) गुलाम आहेत, आणि त्यांच्यातलेच मोशे आणि त्याचा भाऊ अहरोन तिथल्या राजाकडे, फारोकडे जातात. 'आम्हाला सोडा' असं सरळ म्हणत पण नाहीत हो, तीन दिवसांच्या वाटेवर रानात जाऊन देवाला यज्ञ करू द्या म्हणतात. थोडक्यात रजेचा अर्ज! फारो म्हणतो तुम्ही आळशी झालात म्हणून यज्ञबिज्ञ सुचतंय. आणि त्याच दिवशी हुकूम सोडतो की विटांसाठी यांना पेंढा द्यायचा नाही, त्यांनी तो स्वतः गोळा करायचा, पण विटांची संख्या एकाने कमी होता कामा नये. लोक शेतातली धसकटं वेचत देशभर फिरतात, संख्या भरत नाही, मग मुकादमांना मार. आणि ते मुकादम इस्राएलीच, म्हणजे आपल्यातलाच माणूस नेमून त्यालाच फटके. ते मोशेला गाठून जवळजवळ शिव्याच देतात, तू आम्हाला मारायला त्यांच्या हातात तलवार दिलीस म्हणतात. मोशे तोच राग देवावर काढतो, की तू तर तुझ्या लोकांना अजिबात सोडवलं नाहीस!

मुक्तीच्या गोष्टीत नायकाच्या पहिल्याच प्रयत्नाने लोकांचे हाल वाढतात आणि लिहिणाऱ्यांनी हे लपवलं नाही. पुढच्या अध्यायात तर एक ओळ आहे की कष्टाने त्यांचं मन इतकं खचलं होतं की त्यांनी मोशेचं ऐकूनच घेतलं नाही. मी दोन दिवस तेवढ्याच ओळीपाशी आहे. कोणी वाचलं असेल तर बोला. आणि तो पेंढा विटेत नक्की कशाला लागतो हेही कोणी सांगा, मला वाटायचं भट्टी पेटवायला.

वीटकरी

सांजवातताई, आयडी उगाच नाही घेतलेला, वडिलांची भट्टी होती वाड्याकडे, मी दहावीपर्यंत तिथेच वाढलो. सांगतो.

आपल्याकडची वीट भाजतात त्यामुळे आपल्याकडे तूस लागतो तो बराचसा जळण म्हणून. मिसरची वीट भाजायची नाही, ती नाईलच्या गाळाची, उन्हात वाळवलेली कच्ची वीट. नुसत्या चिकणमातीची वीट कडक उन्हात वाळताना आक्रसते आणि तडकते. बारीक केलेला पेंढा मिसळला की तो माती धरून ठेवतो आणि वीट आतबाहेर सारखी वाळते. गावाकडे भिंत लिंपायच्या गाऱ्यात भुसा घालतात ना, तेच कारण. म्हणजे पेंढा बंद करणं ही नुसती खोडी नाही, कच्चा माल बंद करून टार्गेट तेच ठेवणं आहे. पेंढ्याशिवाय माती मळायला पण जड जाते, हात भरून येतात.

आणि तुम्ही मुकादमाचं लिहिलंत ते वाचून जरा वेळ फोन खाली ठेवला. आमच्याकडे कातकरी कुटुंबं यायची दिवाळीनंतर, पावसाळ्याआधी परत जायची. आधी उचल घेतलेली असायची, मग हजारी भावाने विटा पाडून ती फेडायची. एक जण गारा कालवणार, एक साच्यात भरणार, पोरं विटा उलटणार. अवकाळी पाऊस आला आणि थापलेल्या विटांचा चिखल झाला तर त्या विटा हिशोबात नाहीत. सीझन संपला की उचल फिटलेली नसायचीच, पुढच्या वर्षावर. आणि मुकादम त्यांच्यातलाच. माझ्या बापाची भट्टी होती ही, दुसऱ्या कोणाची नाही, त्यामुळे मी कोणाला नावं ठेवायच्या जागी नाही. वेठबिगारीबंदीचा कायदा १९७६चा आहे, आमची भट्टी त्याच्या खूप नंतरची.

चिकित्सक

गोष्ट म्हणून ठीक आहे पण सुरुवातीलाच क्लिअर करूया, हे घडल्याचा पुरावा शून्य. ज्यूंनी पिरॅमिड बांधले वगैरे थापा आहेत. तांबडा समुद्र फाटला म्हणे. ६ लाख पुरुष बाहेर पडले म्हणे, बायकापोरं धरून २० लाखांच्या वर माणसं झाली. तेव्हाच्या अख्ख्या मिसरची लोकसंख्या त्याच्या आसपास किंवा थोडी जास्त धरतात. एवढी माणसं ४० वर्षं सिनायच्या वाळवंटात राहिली आणि एक खापर सापडत नाही?

सांजवात

@चिकित्सक, पिरॅमिडचा उल्लेख बायबलमध्ये कुठेच नाही हो. त्यात पिथोम आणि रामसेस या कोठारांच्या नगरांची नावं आहेत. पिरॅमिड तुम्ही सिनेमातून आणलेत :)

नाईलकाठचा नाना

अरे वा, आवडीचा विषय. मी इतिहासाचा मास्तर (रिटायर्ड), जरा लांबेल, सांभाळून घ्या.

चिकित्सकरावांचं अर्धं बरोबर आहे. गिझाचे पिरॅमिड इसवी सनापूर्वी साधारण २५०० च्या आसपासचे, इस्राएल हे नाव कुठे दिसायच्या हजारेक वर्षं आधीचे. ते बांधणाऱ्यांची वस्तीच खोदून काढलीय, भट्ट्या, भाकरीचे साचे, कामगारांच्या कबरी, सगळे मिसरीच लोक. सिनायमध्ये हे लोक जिथे राहिले असं बायबल सांगतं ती कादेश-बर्निया म्हणतात ती जागाही खणली, १३व्या शतकातलं (इ.स.पू.) काही मिळालं नाही. मात्र '६ लाख'मध्ये एक गंमत आहे, हिब्रूत 'एलेफ' म्हणजे हजार, पण तोच शब्द कुळ किंवा तुकडी अशा अर्थानेही येतो. मग '६०० तुकड्या' असा अर्थ घेतला की आकडा एकदम माणसात येतो. सगळे अभ्यासक हे मानत नाहीत, पण शब्दाला दोन अर्थ आहेत हे खरं.

आता पुरावा शून्य म्हणाल तर थांबा. १८९६ साली पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना थेब्समध्ये (आजचं लक्सॉर) मर्नेप्ताह फारोचा शिलालेख सापडला, इ.स.पू. १२०८ च्या सुमाराचा. कनान (साधारण आजचा इस्राएल-पॅलेस्टाईन) भागातल्या विजयांची यादी करताना त्यात कोरलंय की इस्राएल उजाड झाला, त्याचं बीज उरलं नाही. बायबलबाहेर इस्राएलचा हा सगळ्यात जुना उल्लेख. त्याच ओळींमधल्या शहरांच्या नावापुढे 'प्रदेश' असं चिन्ह आहे आणि इस्राएलपुढे 'लोक' असं, म्हणजे तेव्हा ते ठराविक राज्य नव्हे, टोळ्या असाव्यात. आणि गंमत बघा, पहिलाच उल्लेख 'संपले' म्हणून!

आता विटा. लक्सॉरला रेखमिरे नावाच्या वजिराची कबर आहे, तिसऱ्या थुतमोसच्या काळातली. तिच्या भिंतीवर विटा पाडण्याचं अख्खं चित्र आहे: हौदातून पाणी आणतायत, माती तुडवतायत, साच्यातून वीट काढून ओळीत वाळत घालतायत, आणि शेजारी काठी घेऊन बसलेला देखरेख्या. कामगार युद्धात धरून आणलेले परदेशी. पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये चामड्याची एक गुंडाळी आहे, दुसऱ्या रामसेसच्या पाचव्या वर्षातली. त्यात ४० देखरेख्यांची यादी आणि प्रत्येकाला २००० विटांचं टार्गेट, पुढे किती भरल्या ते. बहुतेकांच्या कमीच. आणि त्या काळच्या एका लेखनिकाच्या पपायरसमध्ये चक्क तक्रार आहे की इथे विटा पाडायला माणसं नाहीत आणि भागात पेंढाही नाही.

तेव्हा मोशे होता की नाही हे मी सांगू शकत नाही, पण पाचवा अध्याय ज्याने रचला त्याला मिसरच्या वीटकामाची खडानखडा माहिती होती.

वीटकरी

नाना, ४० जण, २००० चं टार्गेट आणि पुढे 'किती भरल्या'. ही वही मी पाहिलीय. लाल कापडी पुठ्ठ्याची होती.

टवाळ

रजेचा अर्ज नामंजूर, रॉ मटेरियल बंद, टार्गेट तेच, वर 'तुम्ही आळशी आहात' असं मॅनेजमेंटचं भाषण. आमच्या हिंजवडीला फारो नवीन आलाय का?

सांजवात

@टवाळ हसले, पण तुमच्या फारोने तुमची पोरं नदीत नाही टाकली. पहिल्या अध्यायात तेच आहे की. मुलगे जन्मले की मारा असा हुकूम शिप्रा आणि पुवा या दोन सुइणींना मिळतो आणि त्या ऐकत नाहीत. फारोने जाब विचारला तर म्हणतात, इब्री (म्हणजे इस्राएली) बायका मिसरी बायकांसारख्या नाहीत, दांडग्या आहेत, आम्ही पोचायच्या आत मोकळ्या होतात! पूर्ण पुस्तकात या राजाचं नाव नाही, नुसता 'फारो', आणि दोन सुइणींची नावं मात्र जपून लिहून ठेवलीत.

नाईलकाठचा नाना

हो, आणि त्यामुळेच कोणता फारो यावर दीडशे वर्षं भांडणं चालू आहेत. बायबलच्या 'राजे' या पुस्तकात शलमोन राजाच्या मंदिराच्या आधी ४८० वर्षं असा हिशोब आहे, त्याने इ.स.पू. १४४६ येतं. पण रामसेस हे शहराचं नाव दुसऱ्या रामसेसवरून, तो इ.स.पू. १२७९ ते १२१३. दोन्ही एकत्र बसत नाहीत. अवांतर: 'मोशे' या नावाचा अर्थ बायबल 'पाण्यातून ओढून काढलेला' असा देतं, पण मिसरी भाषेत 'मोसे' म्हणजे जन्मलेला, थुतमोस, रामसेस सगळ्यांत तेच शेपूट. म्हणजे मुक्तिदात्याचं नावच मालकांच्या भाषेतलं.

झुळूक

मला ही गोष्ट पचत नाही आणि ते पुराव्यामुळे नाही. फारो ऐकत नाही म्हणून देवाने मिसरवर पाठवलेल्या दहा पीडा घ्या. पाण्याचं रक्त, बेडूक, चिलटं, माश्या, गुरांची मरी, गळवं, गारा, टोळ, अंधार इथवर समजा ठीक. दहाव्यात प्रत्येक घरातलं थोरलं मूल मरतं. ११व्या अध्यायात यादी आहे बघा, सिंहासनावरच्या फारोच्या थोरल्यापासून ते जात्यामागे बसलेल्या दासीच्या थोरल्यापर्यंत. ती दासी! पहाटे उठून दुसऱ्याच्या घरचं दळण दळणारी बाई, तिने कोणाला गुलाम केलं होतं? शिवाय मधेमधे देवच फारोचं मन कठोर करतो म्हणे. मग दोष कोणाचा?

चिकित्सक

+१. बाकी लाल शेवाळामुळे नाईल लाल झाली, त्यामुळे मासे मेले, बेडूक बाहेर आले, मग माश्या, मग रोगराई अशी वैज्ञानिक थिअरी आहे की.

सांजवात

चिकित्सक, मघाशी पुरावा शून्य म्हणत होतात आणि आता शेवाळापर्यंत पोचलात, दोन्हीतलं एक काहीतरी धरा ना :) थोरल्याच पोरांना गाठणारं शेवाळ काही मला माहीत नाही.

झुळूक, तुमच्या प्रश्नाला उत्तर नाहीये माझ्याकडे. मी ती जात्याची ओळ वाचलीच नव्हती नीट. आता परत जाऊन वाचली. ज्यांची सुटका होतेय त्यांच्या इतकीच ती पण तळाची आहे, आणि तिचं नाव नाही.

पेणची लेक

वाचनमात्र असते इथे, आज लिहायलाच हवं. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, माहेर पेण, आता बरीच वर्षं इस्राएलमध्ये अश्दोदला. मराठी घरात बोलतो अजून, मुलं हिब्रूत उत्तर देतात तो भाग वेगळा.

झुळूकताई, तुम्ही म्हणताय ते आमच्या सणाच्या ताटातच आहे. पेसाख म्हणजे या सुटकेचा सण, त्या रात्री हग्गादा नावाची पोथी वाचतात, त्यात दहा पीडांची नावं घेताना प्रत्येक नावाला पेल्यातून एक एक थेंब बाहेर काढायचा. दहा नावं, दहा थेंब. समोरच्याचे हाल झाले तर आपला पेला काठोकाठ भरलेला नको, असं माझे आजोबा सांगायचे. दासीच्या लेकराला ते पुरेसं आहे का? नाही. पण विसरलेले नाही आम्ही.

आमच्याकडे पूर्वी कोकणात वाईन कुठली, काळ्या मनुका भिजवून कुस्करून त्याचं सरबत करायचे, त्याचेच थेंब. मराठी बायबलमध्ये या सणाला वल्हांडण म्हणतात, वल्हांडणं म्हणजे ओलांडणं, कोकराचं रक्त लावलेल्या दारांवरून मरण ओलांडून गेलं म्हणून. आम्ही घरात पेसाखच म्हणतो, पण आजीच्या तोंडी जुनं नाव होतं, अनाशी ढाकाचा सण. बेखमीर भाकर का, तर निघायची इतकी घाई की पीठ फुगायला वेळ नव्हता, कणकेच्या पराती कापडात गुंडाळून खांद्यावर टाकून निघाले.

१८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी हग्गादा छापली होती, तिच्यात मात्सा (तीच बेखमीर भाकर) करणाऱ्या बायकांचं चित्र आहे. बायका चक्क साड्या नेसून जमिनीवर बसून लाटतायत! मिसरमधून निघालेल्या बायका आणि बसण्याची पद्धत आपल्या ओसरीवरची.

अजून एक, सांजवात. अख्ख्या हग्गादात मोशेचं नाव एकदाच येतं, तेही सहज एका वचनात. ज्याने सगळं केलं तो जवळजवळ गायबच. लहानपणी मला वाटायचं छापायचं राहिलं.

सांजवात

पेणची लेक, किती छान लिहिलंत, लिहीत जा हो. साडीतल्या बायकांचं चित्र आता शोधणारच.

मला यातल्या लोकांची कुरकुर भयंकर आवडली हे सांगायचं राहिलं. समुद्रापाशी मागून फारोचे ६०० निवडक रथ दिसल्यावर ते मोशेला विचारतात, मिसरात काय कबरी नव्हत्या म्हणून आम्हाला रानात मरायला आणलंस? कबरी, आणि मिसरात नव्हत्या! हा टोमणा तीन हजार वर्षं टिकलाय. नंतर मान्ना (रानात देवाने दिलेलं खाणं) खाऊन कंटाळल्यावर काय आठवतं तर तिथले मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण, आणि मासे फुकट मिळायचे म्हणे. फुकट! अहो दिवसभर विटा पाडून!

वीटकरी

ताई यावर थोडं बोलतो, हसू नका त्यांना. आमच्या भट्टीवरचा एक जण सुटला होता, कोणीतरी संस्थावाले आले, कागद झाले, उचल माफ. दोन वर्षांनी तो बापाकडे परत आला, काम द्या म्हणून. मी तेव्हा कॉलेजला, मला राग आला, म्हटलं परत का आलास. तो म्हणाला इथे शनिवारी बाजार खर्ची मिळायची, कधी मिळणार ते माहीत असायचं. त्याला भट्टी आवडत नव्हती हो. त्याला शनिवार माहीत होता. बाहेर पावसाळ्यात चार महिने कोणता वारच नव्हता.

आता नाना तुम्ही सांगा, त्या लोकांना ४० वर्षं का फिरवलं? नकाशावर मिसर ते कनान एवढं लांब नाहीये.

नाईलकाठचा नाना

लांब नाहीच. किनाऱ्याची वाट धरली असती तर थोड्या आठवड्यांचा प्रवास, पण त्या वाटेवर मिसरच्या सैन्याची ठाणी होती. १३व्या अध्यायात सरळ लिहिलंय, लढाई दिसली तर हे लोक मिसरला माघारी जातील म्हणून देवाने त्या वाटेने नेलं नाही. तो 'तांबडा समुद्र'ही मुळात हिब्रूत 'याम सूफ' आहे, बऱ्याच जणांच्या मते लव्हाळ्यांचा समुद्र, ग्रीक भाषांतरात त्याचा तांबडा झाला. ४० वर्षांची गोष्ट बायबलच्या 'गणना' या पुस्तकात येते. हेर कनान बघून आले, लोक घाबरले, म्हणाले एक पुढारी नेमू आणि मिसरला परत जाऊ. तेव्हा ठरलं की २० वर्षं आणि त्यावरचे जे बाहेर पडले ते रानातच संपतील, यहोशवा आणि कालेब सोडून. मोशेही आत गेला नाही, नबो डोंगरावरून देश बघितला आणि १२०व्या वर्षी तिथेच वारला.

वीटकरी, तुमच्या शनिवारवरून आठवलं. या लोकांना मान्नाबरोबर नियम मिळाला तो शब्बाथचा, सहा दिवस गोळा करा, सातव्या दिवशी नाही. दहा आज्ञांमध्येही तो दिवस दासदासींना आणि गुरांनाही लागू आहे. फारोने तीन दिवसांची सुट्टी नाकारलेली ना!

झुळूक

नाना, दहा आज्ञांनंतर लगेच २१व्या अध्यायात इब्री दास विकत घेतला तर काय करायचं याचे नियम आहेत, तेही सांगा की. सहा वर्षं काम, सातव्या वर्षी मोकळा. पण परदेशी दासांना ती सवलत नाही. म्हणजे विटा पाडून आलेल्यांनी गुलामगिरी ठेवलीच.

नाईलकाठचा नाना

ठेवली, मान्य. आणि त्याच आधारावर अमेरिकेतले मळेवाले बायबल हातात घेऊन गुलाम राखत होते. पण त्यांना या पुस्तकाची भीतीही होती. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडिजमधल्या गुलामांसाठी काटछाट केलेलं बायबल छापलं, त्यात योसेफ गुलाम म्हणून विकला गेला ती गोष्ट ठेवली आणि मिसरमधून सुटकेची गाळली. तरी ती गुलामांपर्यंत पोचलीच, गाण्यांतून. अमेरिकेतली गुलाम हॅरिएट टबमन स्वतः पळाली आणि मग परत परत जाऊन इतरांना काढलं, तिला लोक मोझेसच (म्हणजे मोशे) म्हणायचे. आणि बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकात एक नियम आहे, पळून आलेला दास मालकाच्या हवाली करू नका, त्याला हवं तिथे राहू द्या. हा नियम कुठल्या आठवणीतून आला असेल ते तुम्हीच बघा.

चिकित्सक

कात्री लावावी लागली म्हणजे गोष्टीत दम होता, एवढं मान्य करतो. बाकी मताला चिकटून आहे.

टवाळ

नोंद घेतली आहे, चिकित्सक 'मान्य करतो' म्हणाले. अकरावी पीडा समजावी.

सांजवात

:))

पेणची लेक, एक विचारायचं राहिलं. ते अनाशी म्हणजे नक्की काय? आमच्याकडे हा शब्द कुणालाच माहीत नाही.

पेणची लेक

आंबटाचं भांडं असायचं घरात, कालवणात घालायला. पेसाख आला की त्याचं तोंड बांधून ठेवायचे, आठ दिवस उघडायचं नाही. माझ्या आईच्या वेळेला पण ते राहिलं नव्हतं, नाव तेवढं राहिलं. आत काय काय घालायचे ते मला नाही सांगता येणार, मावशी आहे रामलेला, नव्वदीची आहे पण सगळं आठवतं तिला. शब्बाथ संपला की फोन करते.

वीटकरी

विचारा आणि इथे लिहा. वाट बघतोय.